अंगणातला तलाव आणि घरपट्टीची भीती

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगलीत शामरावनगरला राहतो. पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यावर वडिलांनी १९९४ साली बांधलेलं घर. मुलगा ह्यूस्टनला असतो. दर उन्हाळ्यात सूनबाई आणि दोन्ही नातवंडं पाच आठवडे येतात. या खेपेला उकाड्याने पोरं अगदी हैराण झाली. त्यांच्यासाठी अंगणात २४ बाय १२ फुटांचा पोहण्याचा तलाव बांधावा असं फार मनात आहे. ठेकेदाराने साडेसात लाख सांगितलेत, जीएसटी वेगळा. परवानगीबिरवानगी काही लागत नाही, शेवटी तो खड्डाच, असं तो म्हणतो. शेजारी म्हणतात, घरपट्टी दुप्पट होईल. मुलगाही म्हणाला, की त्याने तिकडे तलाव बांधला आणि घराचा टॅक्स लगेच वाढला. भाच्याचं म्हणणं, बाकीचे दिवस वाढदिवसांना आणि पोहण्याच्या क्लासला भाड्याने द्या, खर्च निघून येईल. सौ.चा मात्र साफ विरोध आहे. पैसे ठेव मोडून उभे करीन. घरपट्टीच्या बिलाचा फोटो सोबत जोडला आहे. वरची ४०० चौरस फुटांची खोली बारा वर्षांपूर्वी चढवली, ती बिलात दिसत नाही, हेही सांगून टाकतो. काय करावं?

— एक वाचक, शामरावनगर, सांगली

उत्तर

नमस्कार काका,

पत्र दोनदा वाचलं. शेवटी ती वरच्या खोलीची ओळ तुम्ही लिहिलीत, हे फार बरं केलंत. तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा ती ओळ जास्त महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी येणारच आहे, पण आधी घरपट्टीचं बघू, कारण तुमची झोप तिने उडवलेली दिसते.

मुलगा सांगतो ते खोटं नाही, फक्त ते तिथलं आहे. टेक्सासमध्ये दरवर्षी १ जानेवारीला घराची बाजारातली किंमत धरतात आणि कर त्या किमतीवर लागतो. जमिनीत पक्का बांधलेला तलाव ही घरात झालेली कायमची सुधारणा, म्हणून तिची किंमत घराच्या किमतीत मिळवतात. राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही असं तिथे बंधन आहे, पण नव्या बांधकामाला ते लागू होत नाही. त्यामुळे त्याचा आकडा एकदम उडी मारून गेला असणार.

आपल्याकडची रीत निराळी. सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिकेत करयोग्य मूल्याची पद्धत आहे. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, सफाई, पाणी वगैरे टक्केवारीने लागतात. आणि ते भाडं ठरतं मुख्यतः बांधकामाचं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर यांवर. तुमच्या बिलावर १,४०० चौरस फूट क्षेत्र, २२,५०० रुपये करयोग्य मूल्य आणि सगळे कर मिळून ९,००० रुपये आहेत. म्हणजे महापालिकेने तुमच्या घराचं वर्षाचं भाडं २५,००० रुपये धरलेलं आहे.

आता तलाव आला. छप्पर नसलेल्या तलावाचं क्षेत्र घराच्या क्षेत्रात धरावं का? २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आच्छादित क्षेत्राची व्याख्या करताना विहीर, कारंजं, झाडाचा पार यांच्या रांगेत उघडा पोहण्याचा तलाव वगळलेला आहे. तेव्हा २८८ चौरस फूट सरळ घराच्या क्षेत्रात धरले जातील ही भीती काढून टाका. कर निरीक्षक फार तर एवढंच म्हणेल, की तलाव असलेल्या घराला भाडं थोडं जास्त येईल. त्याने १० टक्के जास्त धरलं असं समजू. भाडं २७,५००, करयोग्य मूल्य २४,७५० आणि तुमच्याच बिलाच्या प्रमाणात कर ९,९०० रुपये. वाढ झाली वर्षाला ९०० रुपयांची. दुप्पट कुठली!

पण तलाव एकटा येत नाही. ऊन लागतं म्हणून वर पत्र्याची शेड येते, ३० बाय १८ ची. ती आली की ५४० चौरस फूट आच्छादित झाले आणि तुमच्याच दराने वर्षाला साधारण ३,४७० रुपये वाढले. कपडे बदलायला आणि पंपाला मिळून १२० चौरस फुटांची खोली केलीत तर आणखी ७७० रुपये. हे सगळं जुन्या दराने. नव्या बांधकामाला नवा दर लावतात, म्हणजे आकडा याहून वरच जाणार. म्हणून तलावावर छप्पर नको, आणि पंपाला खोलीऐवजी झाकणाची पेटी पुरते.

भाच्याची सूचना तर मुळातच बाजूला ठेवा. वाढदिवस आणि क्लास सुरू झाले की वापर निवासी राहत नाही. बिगरनिवासी वापराचा घरपट्टीचा दर निवासी दराच्या कितीतरी वर असतो, विजेची वर्गवारी घरगुतीतून व्यावसायिकमध्ये जाते, आणि परक्याच्या मुलाला काही झालं तर जबाबदारी तुमच्या दारात येते. निवृत्तीनंतरचं शांत घर कृपा करून त्यात घालू नका.

आता ती खोली.

तलावाची नोंद करायला माणूस आला की तो तलावापुरतं मोजून परत जात नाही. टेप काढतो, सगळं घर मोजतो आणि त्याच्या कागदावर १,४०० च्या जागी १,८०० चौरस फूट येतात. तुमच्या जुन्याच दराने धरलं तरी त्या खोलीचे वर्षाला २,५७० रुपये होतात. एवढ्यावर भागलं तर मी काही बोललेच नसते. खोली मंजूर नकाशात नसेल तर ती अनधिकृत ठरते, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती दरवर्षी लावायची तरतूद आहे. शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ते बेकायदा असेपर्यंत ती चालू राहते. लहान निवासी बांधकामांना शासनाने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत, पण सवलतीच्या भरवशावर नवं काम काढू नये.

मी मूल्यांकनाचं काम करते. बिलं वाढलेली बरीच घरं पाहिलीत. अंगणातल्या उघड्या हौदामुळे घरपट्टी दुप्पट झाली असं एकही घर माझ्या पाहण्यात नाही. जिथे झाली तिथे जुनं न नोंदवलेलं बांधकाम निघालं होतं, नाहीतर वापर बदललेला होता. शेजाऱ्यांनी असंच कुठलं तरी बिल पाहिलं असणार आणि दोष तलावाला दिला.

ठेकेदाराचं 'खड्डाच तर आहे' हे कायद्यात बसत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकासाची जी व्याख्या आहे तिच्यात जमिनीवरचं, जमिनीतलं आणि जमिनीखालचंही बांधकाम येतं. तेव्हा परवानाधारक वास्तुविशारदाकडून सुधारित नकाशा करून घ्या. त्यात तलाव आणि कंपाउंडपासूनची अंतरं दाखवा, वरची खोली नियमित करायचा अर्जही सोबतच द्या, आणि सगळं महापालिकेच्या नगररचना विभागात दाखल करा. काम पुरं झाल्यावर कर विभागाला लेखी कळवायचं काम मालकाचं असतं. पोच घ्या आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलीतच लावून ठेवा. वाढीव आकारणीची नोटीस आली आणि आकडा पटला नाही, तर नोटिशीतल्या मुदतीच्या आत हरकत लिहून द्या. तोंडी सांगून आल्याला काही अर्थ नसतो. तलावावर छप्पर नाही हे दिसेल असे दोन फोटो हरकतीला जोडा.

घरपट्टीचा विषय इथे संपतो. आता जे बोलायचं आहे त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

शामरावनगरची जमीन तुम्हाला मी सांगायला नको. काळी माती, सखल भाग, जोराचा पाऊस झाला की चार-चार दिवस न हलणारं पाणी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर सरळ काँक्रीटची टाकी ठेवली तर वर्षातून दोनदा ती टाकी ढकलली जाते. एका ओळखीच्या घरी, मिरजेच्या बाजूला, असाच तलाव झाला होता. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली, तिसऱ्या वर्षी त्यातून रोज चार बोटं पाणी उतरायला लागलं. आता त्यांनी त्यात माती भरून केळी लावल्यात.

तेव्हा काळी माती पूर्ण काढायची आणि खाली, बाजूंनी मुरूम दाबून भरायचा. हिशोब करून बघा. तलाव आतून २४ बाय १२, खोली साडेचार फूट, भिंती आणि तळ आठ इंची. काम करायला चहूबाजूंनी जागा आणि खाली दीड फूट मुरूम धरला तर खड्डा होतो २९ बाय १७ बाय ७ फुटांचा, म्हणजे ३४ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). माती उकरली की फुगते, ट्रॉल्या चाळीसच्या वर जातील. परत भरायला १५-१६ ब्रास मुरूम. ठेकेदाराच्या साडेसात लाखांत हे आहे का, विचारा. बहुतेक कोटेशनमध्ये 'खोदाई' एवढाच शब्द असतो.

याहून मोठा धोका दिसत नाही, कारण तो जमिनीच्या खाली असतो. पावसाळ्यात तुमच्याकडे जमिनीतलं पाणी वर चढतं. या टाकीचं सगळं काँक्रीट मिळून वजन ३२ टनांच्या आसपास. टाकी रिकामी असताना भोवतालचं पाणी काठापर्यंत आलं तर तिला खालून वर उचलणारा जोर होतो ४९ टनांचा. टाकी होडीसारखी वर येते, पाइप तुटतात, फरशी उखडते. भरलेली टाकी जागची हलत नाही, कारण आतल्या पाण्याचं ३२ टनांहून जास्त वजन तिला धरून ठेवतं. आणि लोक नेमकं उलटं करतात. नातवंडं जूनमध्ये परत गेली की 'आता कशाला पाणी ठेवायचं' म्हणून तलाव उपसून टाकतात, तोही ऐन पावसाच्या तोंडावर. तुम्ही बांधलातच, तर पावसाळ्यात तो कधीही रिकामा करायचा नाही, आणि तळाला बाहेरच्या पाण्याचा दाब सुटायची झडप बसवल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

पुराचंही बोलायला हवं. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, २०२१ मध्ये पुन्हा आली. २००५ तुम्ही पाहिलेलंच आहे. पुराच्या पाण्याबरोबर गाळ आणि गटार दोन्ही तलावात येतात. ते उपसून, धुऊन, फिल्टरची वाळू बदलून तलाव पुन्हा वापरण्याजोगा करणं म्हणजे एका उन्हाळ्याचा खर्च. पंप आणि विजेची पेटी तुमच्या घराच्या जोत्यापेक्षा वर, भिंतीवर हवी. आणि अर्ज करण्यापूर्वी तुमचा प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत येतो की लाल, हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावर बघून घ्या. निळ्या रेषेच्या आत असेल तर नव्या बांधकामाचा विषयच मिटतो.

आता पैसे. आपल्या भागातल्या चालू दरांवरून मी अंदाज बांधते, त्यात हजारांचा फरक पडेल, लाखांचा पडू नये. साडेसात लाखांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ३५ हजार. इथेच ८ लाख ८५ हजार झाले. माती आणि मुरूम ८० हजार. पाझराचं पाणी काढायची जाळी आणि उपशाचा खड्डा ४० हजार. भोवती चार फुटी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक ६० हजार. वेगळं अर्थिंग, तीस मिलिअँपिअरचा गळती तोडणारा स्विच, दिवे आणि वायरिंग ४० हजार. न घसरणारी फरशी ७० हजार. नकाशा, फी आणि विकास शुल्क ४० हजार. पहिल्यांदा भरायला ३२,६०० लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा आणि वर थोडं, पाच हजार. बेरीज १२ लाख २० हजार. ठेव साडेसात लाखांसाठी मोडायला निघाला होतात.

बोअरच्या पाण्याने भरू असं मनात असेल तर आधी पाणी तपासा. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीचं दुखणं जिल्ह्यात जुनं आहे, आणि जड पाण्याने फरशीवर, पाइपात, फिल्टरमध्ये पांढरा थर धरतो. त्यावर आम्ल ओतत बसावं लागतं.

दरमहाचं बघा. एक अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालवला तर महिन्याला १४० युनिट. तुमच्या घराचं बिल १८० युनिटांचं आहे असं धरते. ते ३२० वर गेलं की ३०० च्या वरचे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. साधारण १,९०० रुपये. क्लोरीन, आम्ल, तपासणीच्या पट्ट्या १,५००. पाण्यात क्लोरीन दर दहा लाख भागांत एक ते तीन आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या मध्ये ठेवायचा असतो, ते रोज बघावं लागतं. मेच्या उन्हात दिवसाला सव्वाशे ते दोनशे लिटर पाणी नुसतं उडून जातं, फिल्टर उलटा धुवायला आठवड्याला पाच-सातशे लिटर लागतं. पाण्याचे ६०० धरा. आठवड्यातून दोनदा येणारा साफसफाईचा माणूस २,५००. महिन्याचे झाले ६,५००, वर्षाचे ७८,०००. पोहा किंवा न पोहा, पाणी हिरवं होऊ द्यायचं नसेल तर हे चालूच. न हलणारं पाणी सोडून दिलं तर पंधरा दिवसांत तिथे डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यू शेजारच्या घरातही जातो.

शिवाय ठेवीचं व्याज. साडेसहा टक्के धरले तरी १२ लाख २० हजारांवर वर्षाला ७९,००० रुपये. म्हणजे वर्षाचा एकूण भार दीड लाखाच्या वर, आणि नातवंडं राहणार ३५ दिवस. नुसत्या देखभालीचेच दिवसाला २,२०० रुपये पडतात. त्यात घरपट्टीची वाढ ९०० रुपये, तीही अख्ख्या वर्षाची. तुम्ही घाबरलात या ९०० ला.

घर विकताना किंमत वसूल होईल, असा एक विचार असतो. सांगलीत तसं होताना मला दिसत नाही. घेणारा जागेचा भाव बघतो, घराचं वय बघतो. तलाव बघून खूष होणारा गिऱ्हाईक दहात एक, बाकीचे तो बुजवायला किती लागतील ते विचारतात. तरीही बिलं जपून ठेवायची. पुढे घर विकलं तर सुधारणेचा खर्च म्हणून ती नफ्यातून वजा होतात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी भारतीयाला महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यांतला कमी पडेल तो कर निवडता येतो. तुमच्या मुलाच्या वाट्याला हे घर आलं आणि तो तेव्हाही अनिवासी असला, तर त्याला हा पर्याय नाही, १२.५ टक्केच. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

काकूंच्या विरोधाचं कारण तुम्ही लिहिलं नाही. पण मला वाटतं ते पैशाचं नसावं. अंगणात चार फूट पाणी बारा महिने उघडं असणार, आणि कुणाचं ना कुणाचं लहान मूल फाटकातून आत येणार. नातवंडं असतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं. ती गेल्यावर दुपारी झोपेच्या वेळी चेंडू आणायला आलेल्या शेजारच्या पोराकडे कोण बघणार? ही भीती अगदी रास्त आहे. तुम्ही तिला विरोध म्हणून मोजू नका. त्यांच्याजवळ बसा आणि नीट विचारा.

याच ओघात आणखी एक, कारण दरवर्षी उन्हाळ्यात मन विषण्ण होतं. तासगाव, कवठेमहांकाळकडे नातेवाइकांची द्राक्षबाग असेल आणि तिथलं शेततळं बघून 'इथेच पोहू दे पोरांना' असं कोणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने काचेसारखा गुळगुळीत होतो, बाजू उतरत्या असतात, आणि पट्टीचा पोहणाराही तिथून वर चढू शकत नाही. शेततळ्याच्या मालकांनी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवावेत. एका दोराचा खर्च तो किती.

आता माझं मत. या वर्षी खोदू नका. पहिलं काम वरच्या खोलीचं, ते तलाव झाला नाही तरी करायचंच आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी लोखंडी सांगाड्याचा, जमिनीवर उभा करायचा तात्पुरता तलाव आणा. बारा फूट व्यासाचा आणि अडीच फूट उंचीचा तलाव वीस ते चाळीस हजारांत मिळतो, सात हजार लिटर पाण्यात होतो, आणि नातवंडं परत गेली की घडी करून माळ्यावर जातो. जमिनीला जोडलेलं काही नाही, म्हणून बांधकाम नाही आणि घरपट्टीचाही प्रश्न नाही. तो गच्चीवर मात्र चुकूनही मांडू नका. राहत्या घराची गच्ची चौरस मीटरला १५० किलोंच्या भारासाठी धरलेली असते, आणि या पाण्याचा भार होतो साडेसहाशेच्या वर. अंगणात, सपाट केलेल्या जागी, खाली वाळूचा थर देऊन मांडायचा, आणि लहान मूल पाण्यात असेल तोवर एका मोठ्या माणसाने फोन आत ठेवून तिथेच बसायचं. रात्री पाण्यावर झाकण घालून बांधून टाकायचं. पाणी खराब झालं की बागेला सोडता येतं, फक्त त्याआधी दोन-तीन दिवस क्लोरीन न टाकता उन्हात ठेवायचं.

नातवंडांना खरंच पोहायला शिकवायचं असेल तर त्याच पाच आठवड्यांत शहरातल्या तलावावर शिकवणी लावा. तुमच्या पिढीने कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून, आजोबा किंवा काका काठावर उभे असताना हातपाय मारले. आता नदीचं पाणी तसं राहिलं नाही, पण काठावर उभं राहायचं काम अजूनही तुमचंच आहे, आणि ते त्यांना बारा लाखांच्या तलावापेक्षा जास्त दिवस आठवेल.

दोन उन्हाळे असे काढूनही मन तिथेच राहिलं, आणि काकूही हो म्हणाल्या, तर मग १६ बाय ९ चा, साडेतीन फूट पाण्याचा तलाव करा. त्यातही निम्मा जमिनीच्या वर आणि निम्मा खाली. त्याने खोदाई कमी होते, खालून उचलणारा जोर कमी होतो, गल्लीतलं साचलेलं पाणी थेट आत येत नाही, आणि लहान मूल धावत येऊन पडत नाही. मातीची तपासणी करून, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा नकाशा घेऊनच. ठेकेदार नंतर ठरवायचा.

तोवर एक छोटं काम करून ठेवा. अंगणाच्या ज्या कोपऱ्यात तलाव मनात आहे तिथे सहा फूट खोल, भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा पुरा, तोंडाला झाकण लावा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी त्यात काठी घालून पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते बघा आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. दोन पावसाळ्यांचे ते आकडे आणि वरच्या खोलीचा मंजूर नकाशा घेऊन मला पुन्हा लिहा.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
ताई